परळच्या बंगल्यातले शेवाळ

१८९६ चा पावसाळा सरत आला तेव्हा मांडवीच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले. मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी हा तेव्हाच्या मुंबईच्या पोटापाण्याचा भाग. गलबतांतून उतरलेले धान्य इथे साठायचे आणि त्याच वखारींच्या आसपास, अंधाऱ्या चाळींत, हमाल, मुकादम आणि गुमास्ते दाटीवाटीने राहायचे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी इथले तापाचे रुग्ण तपासले, जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी पाहिल्या आणि हा ब्यूबॉनिक प्लेग असल्याचे उघडपणे सांगितले. तिथून मुंबईचा, पुण्याचा आणि पुढे सगळ्या देशाचा एक काळाकुट्ट अध्याय सुरू झाला.

त्या धान्यबाजाराचे पुढे काय झाले हे सीवूड्सला राहणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबईच्या घाऊक व्यापाराचा मोठा भाग खाडी ओलांडून वाशीला एपीएमसीच्या आवारात आला. कांदा-बटाटा आला, दाणाबंदर आले, मसाला बाजार आला. आमच्या नेरूळ-सीवूड्सच्या घरांतले तांदूळ, हळद, साखर आज तिथूनच येते. त्याच मसाला बाजारात, काजू-बदामाच्या शेजारी, पांढुरक्या अर्धपारदर्शक पट्ट्यांची हलकी बंडले मिळतात. दुकानदार त्यांना चायना ग्रास म्हणतात. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, उकळून विरघळवायच्या, दुधात साखर-वेलचीबरोबर मिसळून ताटलीत ओतायच्या. फ्रीज नसला तरी थोड्या वेळात वड्या पडतात. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर हा पदार्थ असतो आणि जिलेटिन न चालणाऱ्या शाकाहारी घरांत मुलांच्या वाढदिवसाची जेलीही याचीच होते.

हे गवत नाही. समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेले अगर आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते आयएनएस ४०६ या क्रमांकाने येते. त्याची भावंडेही तिथेच भेटतात: ४०७ म्हणजे लाल शेवाळातलेच कॅरागीनन, आणि ४०० ते ४०४ म्हणजे तपकिरी शेवाळातले अल्जिनिक आम्ल आणि त्याचे क्षार. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, चॉकलेटच्या दुधात कोको तळाशी बसू नये, अशा कामांसाठी ही मंडळी वापरली जातात. अनेकजण हे आकडे वाचून दचकतात आणि पाकीट परत ठेवतात. मला मात्र ४०६ दिसला की मांडवी आठवते. कारण ज्या वर्षी त्या वखारींत उंदीर मेले, त्या वर्षी हेच शेवाळ मुंबईच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांमध्ये गोठत होते, आणि पुढच्या दहा वर्षांत या शहरातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या मानहानीत त्याचे नाव गुंतणार होते.

अगरचा आधीचा प्रवास थोडक्यात सांगतो. जपानमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून ते सुकवून ठेवण्याची रीत आहे. तिथली पारंपरिक कथा अशी, की मिनो तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची खळ हिवाळ्यात बाहेर टाकली. रात्री ती गोठली, दिवसा वितळली, पुन्हा गोठली, आणि काही दिवसांनी तिथे कोरडा, हलका, पांढरा पदार्थ उरला. पाण्यात उकळल्यावर त्याची पुन्हा खळ झाली, तीही पूर्वीपेक्षा स्वच्छ. कथा खरी असो-नसो, तिच्यातली क्रिया खरी आहे. अगरची जाळी गोठवून वितळवली की पाणी निथळते आणि त्याबरोबर रंग, मीठ, वास निघून जातो. जपानच्या थंड डोंगराळ भागांत शतकानुशतके अगर असेच बनले. तिथून ते चिनी व्यापाऱ्यांच्या हातून आग्नेय आशियात गेले आणि जावा बेटावरच्या डच वसाहतीतल्या स्वयंपाकघरांतही रुळले.

आपल्याकडेही या जातीचे शेवाळ अगदी अनोळखी नव्हते. श्रीलंकेच्या उथळ किनाऱ्यांवरचे ग्रॅसिलारिया औषधी म्हणून भारतात येत असे. विल्यम डायमॉक हे मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे अधिकारी. त्यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ग्रॅसिलारियाची नोंद आहे, ती आजाऱ्याला द्यायच्या पौष्टिक, पचायला हलक्या खळीची. म्हणजे प्लेग येण्याच्या सुमारास हे द्रव्य इकडे वैद्याच्या खलाजवळ होते आणि खाऊच्या ताटलीतही. ते तिथून जंतूंच्या अभ्यासाकडे नेले एका गृहिणीने.

तिचे नाव फॅनी हेसे. जन्म १८५० चा, अमेरिकेतला. माहेरचे आडनाव आयल्शेमियस. तिचा नवरा वाल्टर हेसे हा जर्मन डॉक्टर १८८१ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे जंतुशास्त्र शिकायला गेला होता. फॅनी त्याच्या कामात मदत करी, सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे काढी. तेव्हा जंतू वाढवण्यासाठी मांसाच्या अर्कात जिलेटिन घालून तो घट्ट करत. जिलेटिनचे दोन दोष होते. उन्हाळ्यात ते पातळ होई. आणि कित्येक जंतू जिलेटिन चक्क पचवून टाकत, मग ज्या पृष्ठावर त्यांच्या वेगवेगळ्या वसाहती पाहायच्या त्याचेच पाणी होई. वाल्टर वैतागला. त्याने बायकोला विचारले, तुझ्या जेली आणि पुडिंग या उन्हाळ्यात कशा टिकतात? तिने सांगितले, मी अगर वापरते. लहानपणी जावाहून आलेल्या एका डच शेजारणीकडून तिला ते कळले होते.

वाल्टरने कॉखना कळवले. मार्च १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, त्या निबंधात अगरचा उल्लेख आला. फॅनीचा आला नाही, वाल्टरचाही नाही. पुढे १८८७ मध्ये कॉख यांचे सहकारी पेट्री यांनी उथळ झाकणाची काचेची ताटली सुचवली आणि ती त्यांच्या नावाने अमर झाली. ताटलीला नाव मिळाले, ताटलीतल्या खळीला ती सुचवणारीचे नाव मिळाले नाही. मला हे विसरता येत नाही. कारण तिच्याआधी जावाच्या ज्या बायकांनी ही खळ पिढ्यान् पिढ्या शिजवली, त्यांच्याबद्दल तर एवढेही कुठे लिहिलेले नाही.

अगरचा गुण साधा आणि विलक्षण आहे. ते विरघळायला पाणी जवळपास उकळावे लागते. पण एकदा विरघळले की साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत खाली येईस्तोवर ते पातळच राहते. आणि एकदा गोठले की पुन्हा सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. गोठण्याचे आणि वितळण्याचे तापमान इतके दूर असणारे पदार्थ थोडे. शिवाय ही शेवाळातली शर्करा बहुतेक जंतूंना पचत नाही. बर्लिनमध्ये हा गुण सोयीचा होता, मुंबईत त्यावाचून काम अडले असते. इथे एप्रिल-मेमध्ये सावलीतही पारा तेहतीस-चौतीसवर असतो. जिलेटिनची नळी अशा खोलीत ठेवली की तिचा शोरवा होतो. १८८३-८४ च्या हिवाळ्यात कॉख कलकत्त्याला कॉलऱ्याच्या शोधासाठी आले, तेव्हा जिलेटिन वितळवणे हे त्या जंतूच्या ओळखीचेच एक लक्षण ठरले होते. उष्ण देशातल्या रोगांचा अभ्यास उष्ण देशातच करायचा तर उन्हाला दाद न देणारी खळ हवी होती, आणि ती समुद्रातून आली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत पोहोचले. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ, जन्म १८६० चा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९३ पासून भारतात तिच्या चाचण्या चालवल्या. आता सरकारने त्यांना प्लेगच्या कामाला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. भायखळ्याच्या या अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली.

त्यांची रीत मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर लोक लस घेणार नाहीत, म्हणून त्यांनी बोकडाच्या मांसाचा शोरवा केला. मोठ्या चंबूंमध्ये हा शोरवा भरून त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि शोरव्यात पारंब्यांसारखे खाली उतरत. असे लोंबणारे धागे दिसले की वाढ प्लेगचीच आहे हे ओळखू येई. दर काही दिवसांनी चंबू हलवायचा, धागे तळाशी पडायचे, तुपाखाली नव्या पारंब्या फुटायच्या. हे पाच-सहा आठवडे चाले. मग त्या शोरव्याचा थोडा अंश अगरवर पसरून पाहत, दुसरा कोणता जंतू शिरला नाही ना याची खात्री करण्यासाठी. खात्री पटली की सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. लस शोरव्यात बनत असे. त्या लसीची शुद्धता तपासायचे काम अगरकडे होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, आणि ते कामावर गेले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली, आणि टोचलेल्यांत रोग कितीतरी कमी दिसला.

त्याच वर्षी मुंबईत अगरने आणखी एक काम केले, ज्याची आठवण आता फक्त जंतुशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत उरली आहे. अर्नेस्ट हॅन्किन हे आग्र्याचे सरकारी जंतुशास्त्रज्ञ प्लेगच्या कामासाठी इथे आले होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ल्यूमान यांनी दाखवले, की अगरमध्ये मीठ नेहमीपेक्षा बरेच जास्त, सुमारे अडीच ते साडेतीन टक्के घातले, तर त्यावर प्लेगचे जंतू एका दिवसात फुगीर, गोलसर, वेडेवाकडे आकार घेतात. इतर जंतू असे सहसा करत नाहीत. ज्या शहरात रोज शेकड्यांनी माणसे तापाने फणफणत होती आणि हिवताप कोणता, प्लेग कोणता हे ठरवण्यावर माणसाला इस्पितळात न्यायचे की घरी ठेवायचे हे अवलंबून होते, तिथे खारवलेल्या शेवाळाच्या खळीवरची ही ओळख मोलाची होती. १८९७ च्या मे महिन्यात खुद्द रॉबर्ट कॉख जर्मन प्लेग आयोगाबरोबर काम करायला मुंबईत आले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या निबंधात अगरचे नाव पहिल्यांदा छापले, ते अगरच्या खऱ्या कसोटीच्या शहरात येऊन पोहोचले होते.

बाहेर मात्र शहर विस्कटले होते. लाखो लोक मुंबई सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत पळाले आणि रोगही त्यांच्या गाठोड्यांबरोबर गेला. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. घरात घुसणारे सोल्जर, जाळलेले सामान, उघड्यावर केलेली बायकांची तपासणी, या सगळ्याच्या संतापात लसही सापडली. ती सरकारची, म्हणून संशयाची. अशा वेळी आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले आणि आपला खुशरू लॉज हा बंगला प्रयोगशाळेला दिला. मागणी वाढत गेली, जागा अपुरी पडत गेली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. ज्या इमारतीत एकेकाळी गव्हर्नर मेजवान्या देत, तिथे आता बोकडाच्या शोरव्याचे चंबू रांगेने लागले. हार्बरने कुर्ल्याला जाऊन गाडी बदलली की सीवूड्सहून परळ काही फार लांब नाही. ती वास्तू अजून उभी आहे.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने ठरवले की येत्या हंगामात लक्षावधी लोकांना टोचायचे. एवढी लस परळहूनच जायची होती. पाच-सहा आठवडे चंबू हलवत बसायला वेळ नव्हता. तेव्हा हाफकिन यांनी एक जलद पद्धत हाती घेतली. तिला 'वॉटर अगर' पद्धत म्हणत. शोरव्याऐवजी अगरचा आधार घेऊन वाढ लवकर मिळवायची, उष्णतेने जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल वगळायचे. पाश्चर संस्थेत नुसत्या उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत आधीपासून वापरात होती, त्यामुळे त्यांना त्यात धोका दिसला नाही. इतकी वर्षे तपासनीस म्हणून बाजूला बसलेले अगर आता लसीच्या मुख्य कामात आले.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातले मुलकोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. तिचा निष्कर्ष असा, की धनुर्वाताचे विष मुलकोवालला बाटली उघडण्याआधीच तिच्यात होते. म्हणजे दोष परळचा. नवी पद्धत आणि वगळलेले कार्बोलिक आम्ल हे आरोपाचे मुख्य मुद्दे झाले. हाफकिन यांना पदावरून बाजूला केले गेले, आणि ते युरोपला गेले. ज्या माणसाने लाखोंचे प्राण वाचवले, त्याच्या नावापुढे एकोणीस मृत्यू लिहिले गेले.

या प्रकरणाची माहिती वाचताना मला एकच गोष्ट सतत खटकते. नवी पद्धत नवी होती, एवढ्यावरच ती गुन्हेगार ठरली. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू अर्धा टक्का कार्बोलिक आम्लाने मरत नाहीत, हे तेव्हाच्या जंतुशास्त्राला ठाऊक होते; आम्ल घातले असते तर ते एकोणीस जण वाचले असते असे म्हणायला आधार नव्हता. शिवाय विष परळहून निघाले असते तर मधल्या दिवसांत जंतू बाटलीत बेसुमार वाढले असते आणि उघडताना दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. उलट, बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे साक्षीत होते. धनुर्वाताचे बीजाणू गुराढोरांच्या गावातल्या मातीत सगळीकडे असतात. पुरावा समोर होता. पण गावातल्या एका चिमट्यापेक्षा परळच्या प्रयोगशाळेतल्या परक्या माणसावर आणि त्याच्या अनोळखी पद्धतीवर बोट ठेवणे सोपे गेले.

लंडनच्या लिस्टर संस्थेने सगळी कागदपत्रे पुन्हा तपासली. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये 'द टाइम्स'मध्ये त्यांचे आणि इतर शास्त्रज्ञांचे, मिळून दहा सह्यांचे पत्र छापून आले. त्यात चौकशीचा निष्कर्ष स्पष्टपणे खोटा ठरला आहे असे म्हटले होते. त्या वर्षाअखेरीस हाफकिन निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या हाती होती. पहिले महायुद्ध चालू असताना ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले. ज्या नव्या पद्धतीवर एवढा गहजब झाला तिच्यातला आधार, घट्ट अगरवर जंतू वाढवणे, पुढे जगभरच्या लसनिर्मितीत रुळला. आज कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

या सगळ्या वर्षांत परळला येणारे अगर कुठून येत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नसावा. ते जपानहून येई, जसे जगभर जात असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि हा पुरवठा एका झटक्यात थांबला. तेव्हा लोकांना कळले की इस्पितळातले प्रत्येक निदान, पाण्याची प्रत्येक तपासणी, प्रत्येक लस एका देशाच्या किनाऱ्यावर अवलंबून आहे. अमेरिकेने आपला साठा मिठाईवाल्यांकडून काढून प्रयोगशाळांसाठी राखून ठेवला. ब्रिटनमध्ये वेल्स आणि स्कॉटलंडच्या खडकांवर स्वयंसेवक ओहोटीला शेवाळ खुडू लागले. तिथल्या कामात वनस्पतिशास्त्रज्ञ लिली न्यूटन पुढे होत्या. न्यूझीलंडला ल्यूसी मूर यांनी स्थानिक शेवाळ शोधून काढले, आणि ते गोळा करायला किनाऱ्यावरची माओरी कुटुंबे आणि शाळकरी मुले आली. भारतातही १९४३ मध्ये देशी शेवाळापासून अगर कसे काढावे यावर शास्त्रीय निबंध छापला गेला.

आपल्या किनाऱ्यावर काय उगवते याची यादी तेव्हा हाताशी होती, आणि ती एका डॅनिश माणसाने केली होती. फ्रेडरिक ब्योर्गेसेन १९२७-२८ मध्ये मुंबई इलाख्यात आले, मुंबईच्या खडकांवर आणि पुढे ओखा-द्वारकेला ओहोटीत उतरले, आणि परत जाऊन त्यांनी हिरव्या, तपकिरी आणि लाल शेवाळांवर निबंधमाला लिहिली. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्री शेवाळाचा आजही कोणी अभ्यास करायचा म्हटले तर सुरुवात तिथून होते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ संशोधन संस्था सुरू झाली, आणि पुढे तिच्या नावात समुद्री रसायनेही आली. फ्रान्सेस्का थिवी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जेलिडिएला आणि ग्रॅसिलारिया या लाल शेवाळांपासून भारतात अगर काढण्याच्या रीती बसवल्या. हे शेवाळ प्रामुख्याने तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात आणि सौराष्ट्रात मिळते. कोकणात का नाही, असा प्रश्न मालवण-रत्नागिरीच्या माणसाला पडतोच. तिथे खडक आहेत, सारगॅसमचे तपकिरी झुपके आहेत, लाल शेवाळही आहे. पण चार महिने पावसाळ्याचा समुद्र खडक धुऊन काढतो, नद्यांचे गोडे पाणी खारटपणा घटवते, आणि दोरीवर लावलेले शेवाळ त्यात टिकत नाही. शेती करायची तर ती ऑक्टोबर ते मेच्या खिडकीतच, आणि दरवर्षी नव्याने बी आणून. आमच्या सीवूड्सच्या काठावर तर हा विचारही नको. करावे-दारावेच्या खाडीत गाळ इतका, की पाण्यात वीतभरही उजेड शिरत नाही. लाल शेवाळाला हवा तो खडक आणि स्वच्छ प्रकाश इथे नाही. इथे तिवरे आहेत, चिखलात चरणारे रोहित पक्षी आहेत, आणि ते जपायला पुरेसे कारण आहे.

कॅरागीननसाठी लागणारे कप्पाफायकस हे फिलिपिन्सकडचे शेवाळ विसाव्या शतकाच्या अखेरीस मंडपमजवळ आणून लावले गेले. पुढे पेप्सिकोने त्याची कंत्राटी लागवड सुरू केली आणि किनाऱ्यावरच्या बचतगटांतल्या बायका बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवू लागल्या. काही बेटांजवळ ते प्रवाळावर पसरल्याच्या नोंदी झाल्या. त्यामुळे परक्या शेवाळाला किती मोकळीक द्यायची हा वाद अजून चालू आहे, आणि माझ्या मते तो चालूच राहायला हवा. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत केंद्र सरकारने समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले. पैसा आल्यावर घाई येते, आणि घाईत काय होते ते १९०२ ने दाखवले आहे.

मोरोक्कोने आपल्या शेवाळाच्या तोडणीवर मर्यादा आणली, आणि २०१५ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांत अगरची टंचाई जाणवली. १९४१ सारखेच, फक्त युद्धाविना. अगर देणाऱ्या सगळ्याच जातींची लागवड अजून जमलेली नाही. विशेषतः जंतुशास्त्राला लागणारे उत्तम अगर आजही मुख्यतः समुद्रातून खुडलेल्या जेलिडियम वर्गातल्या शेवाळापासून येते. पेट्री डिशमध्ये ओतलेल्या प्रत्येक थराच्या मागे कोणीतरी ओहोटीला पाण्यात उतरलेले असते.

आपल्याकडे त्या बहुतेक बायका असतात. रामेश्वरम आणि पांबनच्या परिसरात डोळ्यांवर साधा चष्मा आणि बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधून त्या बुडी मारतात, श्वास रोखून खडकावरचे शेवाळ हाताने खुडतात आणि कमरेच्या झोळीत टाकतात. राष्ट्रीय सागरी उद्यानाची हद्द आखली गेल्यावर त्यांच्यावर दंडाची आणि बंदीची वेळ आली. तेव्हा त्यांनी संघटना बांधली, महिन्यातले मोजकेच दिवस पाण्यात उतरायचे असा नियम स्वतःच घालून घेतला, शेवाळ मुळापासून उपटायचे नाही असे ठरवले, आणि मग वनखात्याशी बोलणी केली. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सीकॉलॉजी संस्थेचा पुरस्कार मिळाला. फॅनी हेसेच्या वाट्याला जे हयातीत आले नाही ते, म्हणजे आपल्या नावाने झालेली नोंद, लक्ष्मी मूर्तींच्या वाट्याला आली. पुरस्काराच्या रकमेतून मुलांच्या शिक्षणाची सोय करायची असे त्यांनी सांगितले. आणि पुढच्या हंगामात त्या बायका पुन्हा पाण्यात उतरल्या, कारण खरेदीदार शेवाळ किलोवर घेतो आणि त्याचा भाव अजूनही तोच ठरवतो.